मातेचं लाल पाणी

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो धुलाईच्या कारखान्यात हॉटेलचे टेबलक्लॉथ भिजवत होता. दोन महिन्यांचं बाळ सासूच्या मांडीवर देऊन ती घराबाहेर पडली होती आणि तिने जीव दिला होता. बाधा उलटली, असं संध्याकाळपर्यंत सगळी इमारत बोलू लागली.

बाळंतपणापासून तिला झोप नव्हती. बाळ रडलं की भिंतीकडे बघत बसायची. लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार आहे, दवाखान्यात न्या. रविवारी नेतो, तो म्हणाला. रविवारी त्याच्या आईने बाधा उतरवणारी एक माता घरी आणली. मातेने सुनेच्या हातांना भस्म चोळलं, हात हळदीच्या पाण्यात बुडवले आणि पाणी लालभडक झालं. सगळ्यांनी हात जोडले, त्यानेही जोडले. त्यानंतर बायको जे बोलेल ते बाधेचं बोलणं ठरू लागलं. शेवटी ती बोलायचीच थांबली, तर घरचे म्हणाले, गुण आला.

महिन्याभरात माता पुन्हा आली, शेजारच्या बाळंतिणीसाठी. जिन्यापर्यंत बायका दाटल्या होत्या. आपण सोडवलेली बाधा सुटतेच, आणि सुटली नाही तर घरच्यांची श्रद्धा कमी पडलेली असते, असं माता समजावत होती. म्हणजे चित भी तिची, पट भी तिचीच.

तो पुढे झाला. मातेच्याच डबीतलं भस्म घेऊन त्याने मातेच्याच हाताला फासलं आणि तिने ओढून घ्यायच्या आत तो हात हळदीच्या पाण्याच्या पातेल्यात बुडवला. पाणी लाल.

"अगं बाई, बाधेनं मातेलाच धरलं की," मागून कोणीतरी म्हणालं.

"राखेत धुण्याचा सोडा आहे," तो म्हणाला. "हळदीला सोडा लागला की ती लाल होते. रश्श्याचे डाग अकरा वर्षं असेच लाल होताना बघतोय मी."

"मग तेव्हा का नाही बोललास रे?" त्याच्या आईने विचारलं.

"तेव्हा डोकं कारखान्यात ठेवून आलो होतो, आई."

मग तो बाळंतिणीसमोर बसला. "वहिनी, तुम्हाला काय होतंय?"

ती म्हणाली, "बाळाला घ्यावंसंच वाटत नाही, भाऊजी. मेलेलं बरं वाटतं."

कोणी तिला गप्प केलं नाही. सासूने त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं. औषध सुरू आहे, आता थोडी झोपते.

बाळंतीण अशी खचली तर पाण्याचा रंग बघू नका. तिला विचारा, ती सांगेल ते खरं माना आणि डॉक्टरकडे न्या. रविवारची वाट बघू नका.

माता आता मागच्या गल्लीत बसते. तिथे अजून कोणी जाऊन हे सांगितलेलं नाही.