हातभर, वर वीतभर

“हातभर सोड, वर वीतभर सोड, उरला रस्ता तुझा गं पोरी, उरला रस्ता तुझा.”

कॅरिअरवर बसून बाबांच्या पाठीला कान लावला की त्यांचं गाणं आधी अंगात घुमायचं, मग कळायचं. बाबा पोस्टमन. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना ते बाजूचा हात लांब करून दाखवायचे. बोटांच्या पुढे अजून वीतभर जागा हवी. कुणी न बघता दार उघडलंच, तर ते हवेत उघडावं, आपल्या अंगावर नाही. मागून हॉर्न वाजले की म्हणायचे, “वाजवू दे. आपण दिसलो म्हणून तर वाजवतात!”

ती पोर आता त्रेचाळीस वर्षांची नर्स आहे. सायकलवरून घरोघरी जाते, जखमा धुते, पट्ट्या बदलते. हॉर्न तिलाही रोज ऐकावे लागतात. ती वीतभरसुद्धा सरकत नाही.

आज तिच्या लेकीचा कामाचा पहिला दिवस होता. चष्म्यांच्या दुकानात. नर्सने आपली जुनी सायकल लेकीला दिली होती. अंगणात नर्स ब्रेक दाबून बघत होती आणि तिची म्हातारी आई पायरीवर बसून नातीला बजावत होती.

“खारू, कडेनं जायचं हं. अगदी उभ्या गाड्यांना चिकटून.”

“आजी, मी गाड्यांच्या टपांवरूनच जाते की. खार ना मी!”

“दात काढू नकोस. तुझ्या आजोबांना हौस होती मधून मिरवायची. घसा फोडून सांगायची मी. ऐकलं का कधी? गेले मोटारीखाली, मला टाकून.” म्हातारीने आत भिंतीवरच्या फोटोकडे मान उडवली. “बघा, बसलेत हसत.”

सत्तावीस वर्षं ती त्या फोटोशी असंच भांडत होती. रोज फोटो पुसायची, आणि पुसतानाही दोन शब्द सुनावायचीच. पोस्टमन मध्येच आला, असं मोटारवाल्याने सांगितलं होतं. बघ्यांनी माना डोलावल्या होत्या. घरातही तेच खरं झालं. नर्स तेव्हा सोळा वर्षांची होती. ती काहीच बोलली नव्हती, आणि न बोललेलं रोज एकेक दिवसाने जड होत गेलं.

“आई म्हणते हातभर सोड, तू म्हणतेस चिकटून जा,” लेक हसली. “मी ऐकू कुणाचं?”

“माझं. घे माझी शपथ.”

“बरं बाई. कडेनं तर कडेनं.”

लेकीने पायडलवर पाय ठेवला. नर्सने मागून कॅरिअर धरलं. इतकं घट्ट, की चाक जागीच थांबलं.

“आई, सोड ना. पहिल्याच दिवशी उशीर!”

“हेच म्हणाले होते,” नर्स म्हणाली.

“कोण?” म्हातारीने विचारलं.

“बाबा. अगदी असंच. बरं बाई, कडेनं तर कडेनं.”

म्हातारी पायरीवरून उठली. “काय बोलतेस? कधी?”

नर्सने कॅरिअर सोडलं नाही. इतरांच्या जखमांवरची पट्टी ती एका हाताने, न दुखवता काढते. आता तिने दुसऱ्या हातानेही कॅरिअर धरलं.

“त्या दिवशी. शाळेसमोर. ते मधून नव्हते गं चालले, आई. गाड्यांना चिकटून होते. तिसऱ्या गाडीचं दार उघडलं, ते धडकून रस्त्यात पडले, आणि मागची मोटार… मी बघितलं. मी तिथेच फाटकाजवळ उभी होते.”

“मग ते कडेला गेलेच कशाला? आयुष्यात कधी गेले नाहीत!”

लेकीने सायकलवरून पाय खाली घेतला होता. म्हातारीचा एक हात दाराच्या चौकटीवर होता, आतल्या फोटोकडे पाठ.

“मागून हॉर्न वाजत होते. माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसत होत्या. मला लाज वाटली. मीच ओरडले, बाबा, जरा कडेनं चला ना.” तिने आईकडे बघितलं. “सगळ्या जन्मात एकदाच, आई. एकदाच त्यांनी कुणाचं तरी ऐकलं. माझं.”