देव्हाऱ्यावरचा रिपीटर

साडेदहाला मुलाखत, आणि दहा वाजून आठ मिनिटं झाली तरी वायफाय पुढे पोचवणारा रिपीटर स्वी गाइकच्या हातातच होता.

ऑकलंडच्या कंपनीने दिलेली ही तिसरी वेळ, आणि शेवटची. आधी दोनदा वायफायने ऐन बोलण्यात मान टाकली होती. पेनांगमधलं त्यांचं घर रुंदीला चार ढांगा आणि लांबीला संपता संपत नाही असं. पुढे भाडेकरू लोहाराची ठोकपीट आणि तिथेच राऊटर, मध्ये देव्हाऱ्याची खोली, मग अंगण आणि पार मागे माडीवर गाइकची खोली. भिंती हातभर जाड. फोनचं नेटही त्यांच्यापुढे हात टेकायचं.

रिपीटर तिने खुर्चीवर ठेवून पाहिला, जिन्यात ठेवून पाहिला. दिवा लालच. शेवटी स्टुलावर चढून देव्हाऱ्याच्या फळीशी धरला, तर झटक्यात हिरवा. पण त्या फळीवर पूर्वजांच्या नावांच्या पाट्या होत्या आणि आईचा फोटो होता.

"पा, इथे ठेवू?"

"वेड लागलंय का? आजोबांच्या उशाशी प्लास्टिकचा डबा?" वडील कडाडले.

"मग विचारा त्यांना. पण लवकर!"

पूर्वजांना विचारल्याशिवाय पा त्या फळीवरची धूळही झटकत नसत. त्यांनी हात धुतले, शर्ट बदलला, उदबत्त्या लावल्या, सगळं इतकं सावकाश की गाइकला रडू यायचंच बाकी राहिलं. यांना विचारायचंय की मला अडवायचंय? नोकरी लागली की ती जाणार आणि या लांबलचक घरात पा एकटे उरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोलत मात्र कोणीच नव्हतं.

गुडघे टेकून पांनी एका बाजूने तांबडी आणि दुसऱ्या बाजूने पांढरी रंगवलेली दोन नाणी टाकली. एक तांबडं, एक पांढरं पडलं तर होकार. दोन्ही तांबडी पडली तर पूर्वज नुसते हसताहेत, पुन्हा विचारायचं. दोन्ही पांढरी म्हणजे नकार, आणि मग विषय संपला.

दोन्ही तांबडी.

"हसताहेत," पा म्हणाले.

"हसू देत. परत टाका."

पुन्हा दोन्ही तांबडी.

"तुझ्या आजोबांना पहिल्यापासून थट्टाच फार."

"पा, दहा मिनिटं उरलीत!"

तिसऱ्यांदा नाणी खणखणली, गरगरली, आडवी झाली. स्टुलावरून गाइकला स्वच्छ दिसलं. दोन्ही पांढरी. अशाच एका नकारावर पांनी घराचं चालून आलेलं गिऱ्हाईक दारातून परत पाठवलं होतं.

पांनी झटकन नाण्यांवर तळहात टाकला आणि ती मुठीत घेतली.

"होकार आहे. ठेव."

"पा, मी पाहिलं..."

"ठेव म्हणतो ना! आणि केस नीट कर, भुतासारखी दिसतेस."

तिने रिपीटर आईच्या फोटोशेजारी ठेवला, दिवा हिरवा असल्याचं पाहिलं आणि माडीकडे धावली. लॅपटॉपवर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या होत्या. दोन मिनिटं होती. ती खिडकी लावायला गेली, तर अंगणापलीकडे देव्हाऱ्याच्या उघड्या दारातून पांचा आवाज वर आला. ते अजून गुडघ्यांवरच होते.

"खोटं मी बोललो," ते आईच्या फोटोला सांगत होते. "काय राग काढायचा तो माझ्यावर काढ. पोरीला जाऊ दे."