मनोरमेचा खडा

विमानात पट्टा बांधता बांधता मनोरमेने मला शपथ घातली. "धनंजयला खड्याचं एक अक्षर बोललात तर माझी शपथ आहे," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. शपथ घालायची आणि विषय संपवायचा, ही तिची बेचाळीस वर्षांची पद्धत. तिने स्वतःच्या तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, आणि मोडली तर तिच्या जिवाला धोका, असा सगळा कायदा.

मी देवरूख एसटी डेपोत बत्तीस वर्षं कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठे किती वाजता पोचली, यापलीकडच्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. पण तिची शपथ मोडायची हिंमत मला कधी झालेली नाही, हेही खरं.

खडा पित्ताशयात होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी दाखवून सांगितलं, मोठा आहे, काढून टाका. मनोरमा म्हणाली, तीन वर्षांनी नातीला बघायचंय, पोट फाडून घेऊन झोपायचं नाही. मग कुणीतरी सांगितलेला काढा सुरू झाला आणि महिन्याभरात उजव्या बरगडीखालचं दुखणं खरंच थांबलं. खडा विरघळला, असं तिने जाहीर केलं. मीही मान डोलावली. एवढा मोठा माणूस मी, पण अक्कल पार गहाण टाकली होती.

धनंजय, आमचा मुलगा, आखातात रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात आहे. पंधरा दिवस छान गेले. सूनबाई स्वप्नाली जेवायला घालून घालून दमली. नात अस्मी बारा वर्षांची. तिच्याशी आम्ही मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तरी आजी-नातीचं गूळपीठ चांगलं जमलं होतं.

गुरुवारी सकाळी मनोरमेला बेंबीच्या वर कळ आली, उलटी झाली. दुपारी बरं वाटलं. स्वप्नालीने आदल्या दिवशीच्या बिर्याणीवर खापर फोडलं. शुक्रवारी कळ बेंबीशी आली, रात्रीनंतर उजवीकडे खाली सरकली. जुन्या सवयीने मी कॅलेंडरच्या पानामागे टिपत होतो: कळ कुठे, किती वाजता, किती मिनिटं. मधे मधे ती थांबायची आणि मनोरमा म्हणायची, "गेलं बघा." पण पोट तट्ट फुगलं होतं आणि वारा सरत नव्हता.

शनिवारी सकाळी इस्पितळात नेलं. डॉक्टर सुमैय्या म्हणून एक शांत बाई होत्या. सलाइन लागलं आणि नेमकी कळ थांबली.

"अम्मा, पहले पेट की कोई तकलीफ?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं," मनोरमा म्हणाली. "एकदम तंदुरुस्त." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचं घड्याळ बघायला लागलो.

डॉक्टर म्हणाल्या, थोडा वेळ थांबा, मग बघू. मनोरमा तोवर चपला शोधायला लागली होती. "आई म्हणतेय बरं वाटतंय," धनंजय म्हणाला. "खलास, झालं तर मग, घरी जाऊ. परत दुखलं तर मंडेला लगेच अपॉइंटमेंट घेतो."

खोटं कशाला सांगू, मला दोन्हीची भीती वाटत होती, गप्प बसायची आणि बोलायची. खिशातून कॅलेंडरचं पान काढलं आणि डॉक्टरांसमोर धरलं.

"इसको पित्त का पत्थर था. बडा. फिर अपने आप दर्द बंद हुआ. अब दर्द रोज थोडा नीचे सरकता है. ये देखो, टाइम लिखा है."

"बाबा, तुम्ही हे आता सांगताय?" धनंजय म्हणाला.

डॉक्टरांनी पान दोनदा वाचलं, पोट पुन्हा दाबून पाहिलं आणि लगेच सीटी स्कॅनला पाठवलं. मनोरमेने भिंतीकडे तोंड केलं, ते केलंच.

स्कॅननंतर डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. खड्याने घासून घासून पित्ताशयातून आतड्यात वाट केली होती. दुखणं थांबलं होतं ते त्यामुळे. मग खडा आतड्यातून खाली खाली सरकत आला आणि जिथे लहान आतडं संपतं तिथे अडकून बसला. असं फार क्वचित होतं, त्या म्हणाल्या, आज तुम्ही घरी गेला असता तर आतडं फाटलं असतं. आम्ही काढ्याचे गोडवे गात होतो तेव्हा आत हे चाललं होतं.

तीन वाजता तिला ऑपरेशनसाठी आत नेलं. दारापर्यंत तिने हात धरला तो अस्मीचा. तिच्या कानात काहीतरी बोलली. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मी बाकावर बसलो. धनंजय एसीच्या गारव्यातही घाम पुसत फोनवर फोन करत होता. सगळं आयुष्य मी वेळापत्रकावर काढलं, आणि आता एकच विचार डोक्यात फिरत होता: तिने शपथ घातली, मी मोडली, आणि ती आत आहे. हा मूर्खपणा आहे हे मला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

पावणेपाचला अस्मीने कानातले इयरफोन काढले.

"सॉरी आजोबा, आय फरगॉट. आजी टोल्ड मी टु टेल यू, 'शपथ सुटली.' व्हॉट डझ इट मीन?"

रुमालाने तोंड पुसत राहिलो. मग तिला सांगितलं, "आता आत काहीही झालं तरी त्यात आजोबांचा दोष नाही, असं आजीने लिहून दिलंय म्हण."

सव्वापाचला डॉक्टर सुमैय्या बाहेर आल्या. हातातल्या बाटलीत आवळ्याएवढा काळपट खडा होता. "अम्मा ठीक हैं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. मनोरमेच्या नाकात नळी होती, आवाज घोगरा.

"अस्मीने निरोप दिला?" तिने विचारलं.

"दिला."

"किती वाजता?"

"पावणेपाचला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तीनला सांगितलं होतं," म्हणाली. "तोवर तुम्ही तसेच बसला होतात?"

तिने सलाइनचा हात जपून उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.