पिंपावरचं नाव

डेंग्यूच्या बातम्या लिहून लिहून स्वरूपाची बोटं झिजली होती. महिनाभर ती पेपरात एकच गोष्ट सांगत होती, की साठवलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओता आणि पिंप घासा. वाचक 'डेंग्यूचे थैमान' एवढा मथळा वाचून उसासा टाकत आणि थेट वाढदिवसाच्या जाहिरातींकडे वळत. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. घडे खरंच पालथे असते तरी बरं झालं असतं.

त्या दिवशी बातमीला फोटो मिळेना आणि उपसंपादक निरंजनचे फोनवर फोन. शेवटी पुनावळ्यात ती भाड्याने राहायची त्याच घराच्या गच्चीवर चढली. घरमालक उद्धवरावांच्या पिंपात आळ्या वळवळत होत्या. तिने एक फोटो जवळून काढला, एक लांबून, आणि दोन्ही पाठवून दिले. निरंजनने लांबचा लावला. आळ्या बघून लोकांचा चहा कडू होतो, असं त्याचं म्हणणं.

सकाळी तिने पेपर उघडला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. गावातली पिंपं लग्नकार्याला घरोघर फिरतात. परत यावीत म्हणून त्यांच्यावर नाव रंगवलेलं असतं. फोटोत आळी औषधालाही दिसत नव्हती. 'उद्धवराव गेनभाऊ, पुनावळे' मात्र ठसठशीत झळकत होतं.

परभणीहून आलेल्या एकट्या पोरीला कोणी खोली देत नव्हतं, तेव्हा याच माणसाने दिली होती. स्वरूपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली गेली, असं धरूनच ती जिना उतरली.

अंगणात उद्धवराव पायजमा खोचून तेच पिंप घासत होते. तिने माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. सकाळपासून सगळ्या सोयऱ्यांचे फोन येऊन गेले, हे त्यांनी घुश्शातच ऐकवलं. मग गल्लीकडे बोट दाखवलं. दारोदार पिंपं आडवी पडली होती आणि बाया-बाप्ये घासत होते. उद्या आपलं नाव छापून येईल, ही धास्ती.

"म्हैनाभर तू लिव्हतीस, आमी वाचलं न्हाई," ते म्हणाले. "माझं नाव आलं तवा वाचलं."

त्यांनी पिंप उन्हात पालथं घातलं आणि नावाची बाजू तिच्याकडे वळवली.

"आता ह्याचा काढ. आन् फोटो आमच्या भाडेकरणीनं काढलाय, हेबी छाप."