हिवाळ्यातले खत

बाटली कुलपात होती, किल्ली तिच्या पर्समध्ये होती, आणि बाटलीतले खत कमी झाले होते.

तिने बाटली खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली. लेबलच्या कडेला तिनेच पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली होती. हिरवट द्रवाची पातळी आता त्या रेघेच्या बोटभर खाली होती. झाकण घट्ट होते, बूड कोरडे होते. म्हणजे गळती नव्हती. बंद झाकणातून, तेही एवढ्या थंडीत, बाष्पीभवनाने इतका द्रव जात नाही. तिने बाटली बाबांच्या औषधांशेजारी परत ठेवली, कपाटाला कुलूप लावले आणि ते ओढून पाहिले.

खिडकीतल्या कुंडीत जेडचे रोप होते. जाड पानांचे, कमी खाणारे. पाणी पानांतच साठवून ठेवत असल्यामुळे त्याचे फारसे काही मागणे नसते. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा निम्म्या ताकदीचे खत, हवा गार होऊ लागली की हात आखडता आणि थंडीत खत पूर्ण बंद. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याची बदली झाली, तेव्हा जाताना तो हे रोप आणि एवढे नियम तिच्या हवाली करून गेला होता. तिने नियम पाळले होते. तरीही ऐन थंडीत मातीवर क्षारांचा पांढरा थर धरला होता. पानांच्या कडा करपल्या होत्या आणि शेंडे फिकट, लांबुडके, आधाराशिवाय उभे राहू न शकणारे असे वाढले होते. निजायच्या वेळी कुणी बळजबरीने जेवू घालावे, तशी त्या रोपाची अवस्था होती.

घरात माणसे दोन. त्यांतली एक ती स्वतः, म्हणून उरले बाबा.

बाबांचा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला होता. निवृत्तीनंतरही ते वर्तमानपत्र पेन्सिल हातात घेऊनच वाचत आणि चुकांना समासात खुणा करत. अलीकडे मात्र शब्द त्यांना ऐनवेळी दगा देऊ लागले होते. चष्म्याला ते कधी कधी ‘ते डोळ्यांचं’ म्हणत. दोनदा त्यांनी तिला आईच्या नावाने हाक मारली होती. मग पावसाळा सरता सरता एका सकाळी दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस घरभर पसरला. शेजारच्या काकूंना वास आला नसता तर काय झाले असते, हे दादा त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर सांगत असे. औषधे कुलपात गेली ती तेव्हापासून. मातीवर पांढरा थर दिसला, तेव्हा खताची बाटलीही तिथेच गेली.

दादाने एक देखभाल केंद्र शोधून ठेवले होते. स्वच्छ होते, आवारात झाडे होती आणि एक खोली रिकामी होत होती. रविवारी येऊन तो तिचा होकार घेणार होता. इतके दिवस ती टाळत आली होती, कारण विसरभोळेपणा मोजायचा कशात, हे तिला कळत नव्हते. कुंडीतले क्षार मात्र मोजता येत होते. तिने चमचाभर माती प्रयोगशाळेत नेऊन पाण्यात घोळून तपासली होती. आकडा पाहून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हा नमुना समुद्रकाठचा का म्हणून विचारले होते.

किल्लीचे कोडेही तसे फार अवघड नव्हते. रात्रपाळी करून आली की ती दुपारपर्यंत झोपे. तेवढा वेळ पर्स खुंटीला लटकलेली असे. शिवाय काकूंनी परवाच जिन्यात हसत सांगितले होते की, तुमचे बाबा भरदुपारी कुंडीला आंघोळ घालतात. आमच्या मोरीच्या खिडकीतून सगळं दिसतं.

शुक्रवारी संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी तिने विषय काढलाच.

“बाबा, कुंडीला पाणी तुम्ही घालता?”

“घालतो.”

“थंडीत फारसं घालायचं नसतं, सांगितलंय ना मी?”

“सांगितलंयस.”

“आणि खत?”

बाबांनी वर्तमानपत्राची घडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

“खताचं मला नको विचारूस,” ते म्हणाले.

तिने यालाच कबुली मानले. तरी एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नाही, ही सवय जुनी होती. तिने बाटलीवर नवी रेघ ओढली, कुलूप लावले आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. रात्रभर पर्स तिच्याजवळच होती. सकाळी घरी येऊन तिने बाबांना गोळ्या दिल्या आणि पर्स खुंटीला न लावता उशीखाली घेऊन ती झोपली. झोपण्यापूर्वी पर्सच्या चेनला तिने दोरा बांधला.

दुपारी जाग आली तेव्हा डोके जड होते आणि गालावर पर्सच्या बक्कलाचा वळ उमटला होता. दोरा जसाच्या तसा होता. तिने तो तोडला, कपाट उघडले, बाटली उजेडात धरली.

पातळी रेघेच्या खाली होती.

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर, सिंकच्या उजव्या हाताला, खताचे छोटे माप धुऊन पालथे घातलेले होते. त्याच्याखाली चौघडी केलेला कागद होता आणि मापाची चोच भिंतीकडे होती. प्रयोगशाळेत काचेची भांडी अशीच निथळत ठेवतात. बाबा भांडी धुतात, तेव्हा ती एकमेकांवर रचून ठेवतात. कागद ते कधीच वाया घालवत नाहीत.

पाण्याचा पेला तिने न पिताच खाली ठेवला.

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. बाबा स्टुलावर बसले होते. कुंडी जाळीवर ठेवून ते तांब्याने तिच्यात साधे पाणी ओतत होते, संथपणे, कडेकडेने. बुडाच्या भोकांतून गढूळ पाणी निथळत होते. एक तांब्या झाला की ते थांबत, पाणी पुरते निथळू देत आणि मग दुसरा घेत.

ती दारात उभी राहिली.

“किती दिवस करताय हे?”

“तुझ्या पाळ्या बदलल्या तेव्हापासून.” त्यांनी मागे वळून पाहिले नाही. “खारट झालेलं अळणी करायचं, एवढं जमतं मला.”

“मी खत घालते, ते तुम्ही बघता?”

“समोरच तर बसलेला असतो. मला गोळ्या देतेस, माप भरतेस, कुंडीत ओततेस, माप धुऊन पालथं घालतेस. मग झोपायला जातेस. एकदा हाक मारली होती मी. ‘हो बाबा’ म्हणालीस नि गेलीस.”

तिने आठवून पाहिले. गोळ्या आठवत होत्या. त्यानंतर एकदम उशी आठवत होती.

“मग मला सांगायचं नाही का?”

बाबांनी आणखी एक तांब्या ओतला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांना खुणा केल्या होत्या. ही एक त्यांनी खूण न करता दुरुस्त करायला घेतली होती.

“सांगितलं असतं,” ते म्हणाले, “तर तू दादाला फोन केला असतास. बाबांना आता भासही व्हायला लागले म्हणून.”

मग ती खाली बसली, कुंडी तिरकी धरली आणि उरलेले पाणी निथळू दिले.

रविवारी दादा आला, तेव्हा बाबा आतल्या खोलीत पडले होते. चहाचा कप हातात घेत दादाने नेहमीसारखी टोपी उडवली.

“काय शास्त्रज्ञ बाई, चोर सापडला का?”

“सापडला. खत मी घालत होते.”

दादा हसला. मग बाबांना पाठीशी घालतेयस, हे त्याने समजुतीच्या सुरात सांगून पाहिले. तिने त्याला दोऱ्याचे सांगितले, मापाखालच्या कागदाचे सांगितले, मोरीतल्या पाण्याचे सांगितले. सांगताना तिचा आवाज कामावर अहवाल वाचताना असतो तसाच होता. दादाचा चहा गार झाला.

“आणि गॅस?” त्याने विचारले.

“माहीत नाही. दूध कुणी तापत ठेवलं ते कुणीच पाहिलेलं नाही. बाबा ‘मी नाही’ म्हणाले होते, आपण ते धरलं नाही. ती सकाळही रात्रपाळीनंतरचीच होती, दादा.”

दादाने कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिले.

“मग केंद्राला काय कळवू?”

“बाबांचं काही कळवू नकोस. उद्या मी साहेबांशी रात्रपाळ्यांबद्दल बोलते.”

तो गेल्यावर तिने खताची बाटली पिशवीत घालून काकूंकडे नेऊन दिली आणि गरम हवा सुरू होईपर्यंत मी मागितली तरी देऊ नका, असे बजावले. काकूंना हा विनोद वाटला.

कारण साधे होते. उन्हाळ्यात तिला महिन्यातून एकच आठवडा रात्रपाळी येई आणि ती संपली, की त्या सकाळी ती कुंडीला खत घाली. तारीख लक्षात ठेवावी लागत नसे. पावसाळ्यात प्रयोगशाळेतली दोन माणसे निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि रात्रपाळ्या एका दिवसाआड येऊ लागल्या. थंडीत खत बंद, हे तिला ठाऊक होते. तिच्या हाताला नव्हते. रात्रपाळी संपली की खत, एवढेच हात शिकला होता, आणि रात्रपाळी आता सारखीच संपत होती.