दहाव्या गल्लीचं पाणी

"दार उघड, नाहीतर तुझ्यासकट पेटवून देईन!"

न्हाव्याचा आवाज मी लगेच ओळखला. वीस वर्षं माझी दाढी करणारा माणूस! तिसऱ्या लाथेला पंपघराची कडी तुटली आणि दोन नंबरच्या गल्लीतली दहाबारा माणसं आत घुसली.

"पहिलीनंतर आमची पाळी ना? मग दहावीला पाणी कसं गेलं? तू राहतोस म्हणून?"

"अहो, मशीन सोडतं, आकड्याप्रमाणे..."

पाइप आवळायचा पाना त्याने माझ्या कपाळावर हाणला. मी पडलो. बरगड्यांत लाथा बसायला लागल्या. एकाने माझा हात बुटाखाली धरला आणि दुसरा म्हणाला, "ह्याच हाताने सोडलं ना?"

त्या दिवशी पहिलीला पाणी सुटलं, मग दहावीला, आणि वीज गेली. मी तळघरात पंपाचा गळका सांधा आवळत होतो, दहावीला गेल्याचा मला पत्ताच नाही. कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर चालू होता. जमिनीवरून, रक्ताआडून, मला पडदा दिसला: एक, दहा, दोन, तीन...

तो प्रोग्रॅम माझा. पुस्तकं वाचून, एका फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. सकाळी पाळीच्या गल्ल्यांचे आकडे टाकायचे, तो ते ओळीने लावून झडपा उघडायचा. अकरा वर्षं एक तक्रार नाही. पण वर्षभर पडद्यावर धोशा चालला होता, भाषेची ही आवृत्ती बंद झाली, अपग्रेड करा. केलं एकदाचं! नव्या आवृत्तीने प्रोग्रॅम उघडायलाच नकार दिला. पाच दिवस नव्या नियमाप्रमाणे ओळीओळीत कंस घालत बसलो. इंटरनेटवर विचारलं, तर एक शहाणा म्हणाला, "माहिती वाचा आधी." सहाव्या दिवशी, म्हणजे त्याच सकाळी, चालला. कुरकूर न करता चालला, हरामखोर! जुनी आवृत्ती टाकलेला आकडा आकडाच समजायची. नवी त्याला अक्षरं समजते, आणि अक्षरांच्या हिशेबात दहा दोनाच्या आधी येतो, कारण त्याचं पहिलं अक्षर एक. हे मला कळलं ते तिथे, लाथा खाताना.

"अहो, अपग्रेडमुळे झालंय! बघा तरी!"

"मशीनला बरी तुझीच गल्ली सापडली!" न्हावी म्हणाला आणि त्याने पाना पडद्यात घातला.

तिथून ते माझ्या घरी गेले. भरलेली पिंपं लाथेने आडवी केली. मध्ये पडलेल्या बायकोचं मनगट मोडलं. दवाखान्यात ती माझ्याकडे बघतही नव्हती.

"चाललंय ते चालू द्या, म्हणत होते मी," एवढंच बोलली.

मार खाल्ल्याचं मला काही नाही. पण अकरा वर्षांत मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. ते लागलं, अजून लागतं.

चूक एका ओळीची होती. 'हा आकडा आहे' एवढं सांगितलं की झालं. मी ते केलं, घरच्या कॉम्प्युटरवर चालवून सगळ्या गल्ल्यांना दाखवलं. कुणाला पटलं नाही. ठरलं असं की झडपा हाताने फिरवायच्या, आणि शेजारी दोन नंबरच्या गल्लीचा माणूस बसणार.

न्हावीच येतो. सकाळी दुकान बंद ठेवून येतो, स्टूल ओढून बसतो. माझ्या कपाळावरच्या टाक्यांकडे बघत नाही. मी पहिलीचं चाक बंद करतो, दुसरीच्या चाकावर हात ठेवतो आणि थांबतो. तो उठून चाकावरचा आकडा वाचतो आणि मान हलवतो.

मग मी फिरवतो.