मगभर पाणी

रितिका चार वर्षांची होती, पण वजन दोन वर्षांच्या पोरीएवढं. खायची, पण अंगी लागत नव्हतं. नागपूरच्या मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याचं अस्तर कितपत धड आहे ते लघवी तपासून बघावं लागेल. उपाशीपोटी दोन प्रकारच्या साखरेचं पाणी पाजायचं आणि पुढचे पाच तास पोरीची सगळी लघवी एका कॅनमध्ये धरायची. धड आतड्यातून एक साखर सहज रक्तात जाते, दुसरी जवळजवळ जातच नाही. ती दुसरी साखर लघवीत जास्त उतरली, तर अस्तर झिरपतंय असं समजायचं.

पहिल्या खेपेला रितिकाने ते पाणी ओकून टाकलं होतं. उपास वाया गेला. उमरेडला परतताना पोर एसटीत आजीच्या मांडीवर अशी गळून पडली की हाक मारली तरी डोळे उघडेना. तेव्हाच सत्यवतीने, म्हणजे तिच्या आजीने, मनाशी धरलं की पुढच्या खेपेला काम पुरं व्हायलाच पाहिजे. पोरीला तिसऱ्यांदा उपाशी ठेवायचं नाही.

रितिकाची आई गोपिका बाळंतीण होती. म्हणून या खेपेलाही सत्यवती आणि रितिकाचे आजोबा देवराव दोघंच पोरीला घेऊन सक्करदऱ्याच्या लॅबमध्ये आले. तिथल्या रीनाने पाणी पाजलं. रितिकाने तोंड वाकडं केलं, पण पोटात ठेवलं. रीनाने सत्यवतीच्या हातात प्लास्टिकचं पसरट भांडं आणि कॅन दिला.

"आजी, नेहमीसारखी थोडीशी द्यायची नाही. यात सगळी पाहिजे. एक थेंब सांडायचा नाही."

"नाही सांडत, बाई."

पहिली लघवी नीट झाली. दुसऱ्या वेळी लॅबच्या संडासात पोरीला भांड्यावर बसवून सत्यवती चड्डी खुंटीला अडकवायला वळली. तेवढ्यात रितिका उठली, बादलीतून मग भरला आणि भांड्यात ओतला. घरी लघवी झाली की पाणी टाकायचं, हे आजीनेच शिकवलं होतं. विसरली तर पाठीत धपाटा मिळायचा.

"आजी, मी पाणी टाकलं," रितिका म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

सत्यवतीने भांड्यात बघितलं. भांडं तसंच धरून दाराशी आली.

"झालं का वं?" देवराव बाहेर उभे होते. त्यांनी आत डोकावलं. "एवढी? सकाळपासून पोटात घोटभर पाणी गेलं पोरीच्या!"

"पाणी टाकलं तिनं."

देवरावांनी उमरेडला घरोघर दूध घालण्यात जन्म काढला होता. डेअरीत दूध मशीनवर लावतात आणि पाणी निघालं की चारचौघांत कॅन परत करतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मशीनवर लगेच पकडतीन," ते हळू आवाजात म्हणाले. "मगभर फेकून दे. जेवढं टाकलं तेवढं काढलं. बराबर झालं."

"दुधातलं पाणी काढता येते का जी तुमाले?"

"मंग काय करतं? सांगतं? सांगितलं तर पोर पुन्हा उपाशी. चालते तुले?"

सत्यवतीने पोरीकडे पाहिलं. रितिका भिंतीला टेकून उभी होती, ओठ सुकलेले. ओतून टाकायला नाली पायाशीच होती.

"फेकलं तर पोरीचंबी जाईन त्याच्यात," ती म्हणाली. "मंग ते मशीन काय सांगन?"

"काहून जिद्द करून राहिली?"

भांडं दोन्ही हातांत धरून ती रीनाच्या टेबलापाशी गेली आणि झालं ते सांगितलं.

रीनाने भांड्यात बघितलं. "यातलं काही ओतलं का?"

"नाही."

"सांडलं?"

"नाही."

"मगात साबण होता का?"

"नाही. कोराच होता मग, बादलीत नळाचं पाणी."

रीनाने डॉक्टरांना फोन लावला. सत्यवती भांडं हातात धरून उभीच राहिली. फोन बराच वेळ चालला.

"चालेल म्हणतात," फोन ठेवून रीना म्हणाली. "साखर किती बाहेर आली ते आम्ही मोजतो. पाण्यानं ती पातळ होते, कमी होत नाही. एकूण किती जमलं तेही मोजतोच, म्हणजे हिशेब जुळतो. यातलं काही फेकलं असतं, तर मात्र आजची टेस्ट गेली होती."

देवराव खिडकीबाहेर बघत होते.

"आबाजी, तुम्ही काही म्हणत होते का?"

"मी? मी कुठं काय म्हणून राहिलो?"

"दूधवाले आहेत ते," सत्यवती म्हणाली. "त्याइले पाण्याचं लय समजते."

पुढच्या वेळी सत्यवतीने चड्डी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि पोरीचा हात सोडला नाही. वेळ भरल्यावर रीनाने कॅनचं झाकण घट्ट लावलं, वर नाव चिकटवलं आणि तो आत नेला. आतड्याचं काय ते आठवड्याने कळणार होतं.

सत्यवतीने डबा उघडला. मऊ खिचडी होती, गार झालेली. रितिकाने ती बाकावर बसून, मान वर न करता खाल्ली. मग तिला पुन्हा लघवीला लागली. आजी तिला घेऊन गेली. पोर बसली, उठली, भरलेल्या मगाकडे बघितलं आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"आता टाक," सत्यवती म्हणाली.